चौतीस सेकंदांचा सम्राट

ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी जगातील पहिली मोटार कोणत्या इंधनावर धावत होती, असा प्रश्न केला तर बहुतेकांच्या तोंडून ‘पेट्रोल’ हेच उत्तर येईल. थोडा अधिक विचार करणारा एखादा वाफेचे नाव घेईल. प्रत्यक्षात ती मोटार विजेवर धावत होती. वर्ष होते १८९९, ठिकाण होते पॅरिसजवळचा आशेर येथील एक सरळ रस्ता, आणि गाडीच्या सुकाणूवर होता तांबड्या दाढीचा एक बेल्जियन अभियंता, कामिय जेनात्झी. त्या दिवशी त्याने एक किलोमीटरचे अंतर ३४ सेकंदांत कापले. ताशी वेग भरला १०५.८८ किलोमीटर. भूपृष्ठावरील सर्वांत वेगवान मोटारीचा मान तेव्हा विद्युत मोटारीकडे होता आणि तो पुढे जवळजवळ तीन वर्षे तिच्याकडेच राहिला.

मात्र या कथेला दुसरी बाजू आहे. ज्या जेनात्झीने विजेचे सामर्थ्य जगाला दाखवून दिले, तोच पुढे चार वर्षांत पेट्रोलच्या गाडीतून आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी शर्यत जिंकला. एकाच माणसाच्या कारकिर्दीत विद्युत मोटारीचा उत्कर्ष आणि तिची पीछेहाट असे दोन्ही सामावलेले आहे. आज सव्वाशे वर्षांनंतर विजेवर चालणाऱ्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येत असताना ही कारकीर्द उलगडून पाहणे म्हणूनच उद्‌बोधक ठरते.

रबर कारखानदाराचा मुलगा

कामिय जेनात्झीचा जन्म ४ नोव्हेंबर १८६८ रोजी ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागात झाला. त्याचे वडील कोन्स्तां रबराच्या वस्तूंचे कारखानदार होते. सायकलींची आणि पुढे मोटारींची लाट युरोपात उसळली, तेव्हा रबराच्या धंद्याशी संबंध असलेल्या घराला चाकांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते. कामियने अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि तरुणपणीच पॅरिसची वाट धरली. मोटारीच्या संदर्भात त्या काळी पॅरिस हीच जगाची राजधानी होती.

त्या पॅरिसमध्ये एका प्रश्नाचा निकाल लागायचा होता. घोड्याची जागा कोण घेणार? वाफ, वीज आणि पेट्रोल असे तीन उमेदवार रिंगणात होते आणि तिघांचीही बाजू तोलामोलाची होती. वाफेचे इंजिन लोकांच्या चांगल्या परिचयाचे आणि ताकदवान. परंतु पाणी तापून वाफ तयार होईपर्यंत खोळंबून राहावे लागे. पेट्रोलची गाडी दूर जाई. परंतु ती सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून दांडा फिरवावा लागे, तो उलटा फिरला तर मनगट मोडण्याची भीती असे, आणि धूर, वास, खडखडाट व गिअरची कटकट वेगळीच. विजेच्या गाडीला यातले काहीच नव्हते. कळ फिरवली की ती निघे, आवाज करीत नसे, धूर सोडत नसे. तिचे दुखणे एकच होते. शिशाच्या पत्र्यांच्या बॅटऱ्या अतोनात जड होत्या आणि थोड्याच अंतरात रित्या होत.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्या भाड्याच्या गाडीला ही अडचण फारशी जाणवत नसे. दिवसभर ठरावीक फेऱ्या मारून संध्याकाळी ठाण्यावर परतायचे आणि बॅटऱ्या भरून घ्यायच्या, एवढे पुरेसे होते. जेनात्झीने नेमका हाच धंदा हेरला. विद्युत गाड्या बांधण्यासाठी त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. या व्यवसायात त्याच्यासमोर शार्ल जांतो हा पॅरिसमधील नामांकित गाडी-कारखानदार प्रतिस्पर्धी म्हणून उभा होता. ग्राहक एकच, माल एकसारखाच. मग श्रेष्ठ कोण हे ठरवायचे कसे? त्याचे उत्तर रस्त्यावर मिळणार होते.

आशेरचे द्वंद्व

नोव्हेंबर १८९८ मध्ये शांतलू येथील चढावरच्या स्पर्धेत जेनात्झीच्या विद्युत गाडीने पेट्रोल आणि वाफेच्या गाड्यांना मागे टाकले. विजेची मोटर उभी असल्यापासूनच पूर्ण जोर लावू शकते, गिअर बदलावे लागत नाहीत. त्यामुळे चढणीवर तिचा हा गुण विशेष उठून दिसला.

त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत, १८ डिसेंबर १८९८ रोजी, ‘ला फ्रान्स ऑटोमोबिल’ या नियतकालिकाने आशेर येथे वेगाची चाचणी आयोजित केली. पॅरिसच्या सांडपाण्यावर पिकणाऱ्या शेतांमधून जाणारा हा रस्ता सरळ, सपाट आणि जवळपास निर्मनुष्य होता. तेथे काऊंट गास्तों द शास्लू-लोबा याने जांतोच्या विद्युत गाडीतून धावत्या आरंभाने एक किलोमीटर ५७ सेकंदांत पार केले. ताशी सुमारे ६३ किलोमीटर. जमिनीवरील वेगाच्या विक्रमांची नोंद येथून सुरू होते. त्या दिवशी जेनात्झी हजर नव्हता. पण बातमी कळताच त्याने काऊंटला आव्हान दिले.

१७ जानेवारी १८९९ रोजी दोघे आशेरला समोरासमोर आले. आधी जेनात्झी धावला आणि त्याने ५४ सेकंदांची वेळ देऊन विक्रम आपल्या नावे केला. तो त्याच्याकडे जेमतेम काही वेळ टिकला. पाठोपाठ आलेल्या काऊंटने ५१.२ सेकंद नोंदवले. त्याच्या गाडीची मोटर अंतर संपता संपता जळून गेली, तरी विक्रम हाती लागला. दहाच दिवसांनी जेनात्झी परतला आणि ४४.८ सेकंदांत, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने, त्याने ती बाकी चुकती केली. ४ मार्च रोजी काऊंटने गाडीला वारा कापण्यासाठी टोकदार बाह्यभाग बसवला आणि ३८.८ सेकंदांची वेळ दिली. आता ताशी वेग ९२ किलोमीटरच्या पुढे गेला होता.

अडीच महिन्यांत वेग जवळपास दीडपट झाला होता आणि तोही केवळ दोन माणसांच्या चुरशीतून. या विक्रमांमागे केवळ हौस होती असे समजणे चुकीचे ठरेल. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत कोणाच्या गाडीचे नाव झळकते, यावर भाड्याच्या गाड्यांची मागणी अवलंबून होती. काऊंटसाठी तो मानाचा प्रश्न असेल. जेनात्झीसाठी तो मानाइतकाच धंद्याचाही होता.

‘कधीच समाधान न मानणारी’

शंभरचा टप्पा गाठायचा तर सुधारलेली जुनी गाडी पुरणार नाही, हे जेनात्झीने ओळखले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग ६३ वरून १०६ वर न्यायचा म्हणजे तो पावणेदोन पट करण्यासारखे वाटते. पण निव्वळ हवेशी झुंजण्यासाठी लागणारी शक्ती त्यात साडेचार पटींहून अधिक वाढते. म्हणून केवळ विक्रमासाठीच एक स्वतंत्र गाडी बांधण्यात आली.

तिचे रूप आजही पाहणाऱ्याला चकित करते. दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला, तोफगोळ्यासारखा तिचा बाह्यभाग पॅरिसच्या रॉथशील्ड या गाडी बांधणाऱ्या कारखान्याने तयार केला. त्यासाठी अॅल्युमिनियमचा पार्टिनियम हा हलका मिश्रधातू वापरला गेला. मागच्या आसाला दोन विद्युत मोटरी थेट जोडलेल्या होत्या. मध्ये साखळी नव्हती, गिअर नव्हते. दोन्ही मिळून सुमारे ५० किलोवॉट, म्हणजे ६८ अश्वशक्ती. बॅटऱ्या फुलमेन कंपनीच्या, टायर मिशेलिनचे. एकूण वजन दीड टनाच्या घरात आणि त्यातला जवळपास निम्मा भार एकट्या बॅटऱ्यांचा. गाडीचे नाव ठेवले गेले ‘ला जामे कोंतांत’. फ्रेंच भाषेतल्या या नावाचा अर्थ होतो ‘कधीच समाधान न मानणारी’.

आजच्या अभियंत्याच्या दृष्टीने या रचनेत एक ठळक विसंगती आहे. बाह्यभागाला वारा कापणारा आकार दिला खरा. पण चाके, आस आणि गाडीचा सांगाडा खाली उघडाच होता आणि त्या गुळगुळीत धातूच्या वर जेनात्झी छातीपर्यंत बाहेर काढून, घोड्यावर बसावा तसा बसत असे. म्हणजे आकाराने कमावलेले बरेचसे त्याच्या स्वतःच्या देहाने घालवले. वायुगतिशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. वारा नेमका कोठे अडतो, हे मोजण्याची साधने मोटार बांधणाऱ्यांच्या हाती नव्हती.

एप्रिलच्या आरंभी झालेला पहिला प्रयत्न फुकट गेला. वेळ मोजणारे पंच जागेवर सज्ज होण्यापूर्वीच जेनात्झीने गाडी सोडली आणि धाव नोंदलीच गेली नाही, असे सांगतात. बॅटऱ्या एका धावेत संपत असल्याने त्या दिवशी दुसरी संधी नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस तो पुन्हा आला आणि या वेळी ३४ सेकंदांनी इतिहास घडवला. रेल्वेगाड्यांनी ताशी १०० किलोमीटरचा वेग कित्येक दशकांपूर्वीच पाहिला होता. परंतु रूळ नसलेल्या उघड्या रस्त्यावर, केवळ हातातल्या सुकाणूच्या भरवशावर तो वेग गाठणारा जेनात्झी हा पहिला मनुष्य होता.

अर्ध्या युनिटाचा विजय

या विक्रमाचा हिशेब विजेच्या मीटरच्या भाषेत मांडला तर गंमत लक्षात येते. ५० किलोवॉटच्या दोन मोटरी पूर्ण शक्तीनिशी ३४ सेकंद चालल्या, तरी त्या अवघी अर्धा युनिट वीज खातात. घरातला पंखा एका रात्रीत साधारण एवढीच वीज वापरतो. मग सात-आठशे किलो वजनाच्या बॅटऱ्या का वाहाव्या लागल्या?

शिशाच्या बॅटरीचा स्वभावच त्याला कारण होता. तिच्यातून वीज सावकाश काढली तर ती बऱ्यापैकी पुरते. पण एकदम मोठा प्रवाह ओढला की रासायनिक क्रियेला पत्र्यांच्या आतपर्यंत पोहोचायला अवधी मिळत नाही. साठा शिल्लक असूनही बॅटरी दम सोडते. शिवाय तिच्या दर किलो वजनामागे साठणारी ऊर्जा अत्यल्प. एक किलो पेट्रोलमध्ये त्याच्या कित्येकशे पट ऊर्जा असते. त्या काळच्या इंजिनाने त्यातला फार मोठा भाग वाया घालवला, तरी उरलेला भागही बॅटरीला मागे टाकण्यास पुरेसा होता.

म्हणूनच आशेरच्या विजयात एक फसवा अंश होता. एका किलोमीटरची कसोटी विजेच्या साऱ्या गुणांना वाव देणारी आणि तिचा एकमेव मोठा दोष झाकणारी होती. मोटार घेणाऱ्याला मात्र एक किलोमीटर जायचे नव्हते. त्याला पुढच्या गावी, त्यापुढच्या शहरी जायचे होते. १८९५ मधील पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत जांतोने विद्युत गाडी उतरवली होती, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी बदली बॅटऱ्या मांडून ठेवण्याची पाळी त्याच्यावर आली होती. किती वेगाने जाते, या प्रश्नाचे उत्तर जेनात्झीने दिले. किती दूर जाते, हा प्रश्न तसाच राहिला.

अर्थात लोकांनी विजेकडे लगेच पाठ फिरवली असे झाले नाही. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या चार हजारांहून थोड्या अधिक मोटारींमध्ये वाफेच्या आणि विजेच्या गाड्या प्रत्येकी दीड हजारांच्या पुढे होत्या. पेट्रोलच्या गाड्या हजारही नव्हत्या. पण वारे फिरू लागले होते. एप्रिल १९०२ मध्ये नीस येथे लेआँ सेर्पोले याने वाफेच्या गाडीतून ताशी १२० किलोमीटरचा वेग गाठून जेनात्झीचा विक्रम मोडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकन धनिक विल्यम व्हँडरबिल्ट याने पेट्रोलच्या मोर्स गाडीतून तोही मागे टाकला. आणि दहा वर्षांनी, १९१२ मध्ये, अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीला दांडा न फिरवता इंजिन सुरू करणारी यंत्रणा बसवली गेली. ती यंत्रणा म्हणजे एक छोटी विद्युत मोटर आणि बॅटरी! विजेच्या गाडीचे उरलेसुरले आकर्षण अशा रीतीने विजेच्याच साहाय्याने पेट्रोलच्या गाडीने पळवले.

तांबडा सैतान

जेनात्झी अभियंता होता, पण विजेचा अंध भक्त नव्हता. पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर यांची सांगड घालणारी गाडी त्याने बांधली. आज ज्याला ‘हायब्रिड’ म्हणतात, त्या कल्पनेच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना करावी लागते. त्याचबरोबर पेट्रोलच्या मोटारींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींतही तो उतरू लागला. दाढीचा रंग आणि हाकण्याची बेफाम तऱ्हा यांमुळे त्याला ‘तांबडा सैतान’ हे नाव पडले. १९०२ मध्ये बेल्जियमच्या आर्देन भागातील शर्यतीत त्याच्या गाडीचा भीषण अपघात होऊन तिचा चुराडा झाला; तो स्वतः आश्चर्यकारकरीत्या बचावला.

त्या काळी शर्यती म्हणजे आजच्यासारख्या बंदिस्त चक्राकार मार्गावरच्या स्पर्धा नव्हत्या. गावांमधून, धुळीच्या लोटांतून, बैलगाड्या आणि बघे चुकवीत शेकडो किलोमीटर जायचे असे. मे १९०३ मधील पॅरिस-माद्रिद शर्यतीत तर मृत्यूचे थैमान झाले. मार्सेल रेनॉसारखा नामवंत कारखानदार-चालक आणि काही प्रेक्षकही प्राणाला मुकले. फ्रेंच सरकारने ती शर्यत बोर्दोलाच थांबवली.

या पार्श्वभूमीवर केवळ पाच आठवड्यांनी गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत होणार होती. आधीच्या वर्षी ब्रिटनच्या सेल्विन एज याने ती जिंकली असल्याने यजमानपद ब्रिटनकडे होते. परंतु तिथल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी १२ मैलांची मर्यादा! शेवटी आयर्लंडची निवड झाली आणि रस्ते बंद करून शर्यत घेता यावी यासाठी ब्रिटिश संसदेला खास कायदा करावा लागला.

जेनात्झी या शर्यतीत जर्मनीच्या मर्सिडीज गाडीतून धावणार होता. त्यासाठी ९० अश्वशक्तीच्या नव्या गाड्या सज्ज होत्या. शर्यतीला तीन आठवडे उरले असताना कानश्टाटच्या कारखान्याला आग लागली आणि त्या भस्मसात झाल्या. शर्यत सोडून देण्याऐवजी कंपनीने आपल्या ग्राहकांकडे ६० अश्वशक्तीच्या, रोजच्या वापरातल्या गाड्या उसन्या मागितल्या. क्लॅरेन्स ग्रे डिन्समोर या अमेरिकन गृहस्थाने दिलेली गाडी जेनात्झीच्या वाट्याला आली. बसण्याच्या सोयी आणि जास्तीचे सामान उतरवून ती शर्यतीसाठी उभी करण्यात आली.

२ जुलै १९०३ रोजी आथी गावाजवळच्या मार्गावर चार देशांच्या बारा गाड्या सुटल्या. फ्रान्सचे अनुभवी चालक खास शर्यतीसाठी बांधलेल्या, अधिक ताकदीच्या गाड्यांत होते. ब्रिटनचा चार्ल्स जॅरट अपघातात सापडला, तेव्हा जेनात्झीचा सहकारी आणि देशबांधव बॅरन द कातेर्स याने स्वतःची गाडी थांबवून त्याची विचारपूस केली आणि तो जिवंत असल्याचा निरोप प्रेक्षागृहापर्यंत पोहोचवला. जेनात्झी मात्र घड्याळाच्या काट्यासारखा धावत राहिला. ५२७ किलोमीटरचे अंतर त्याने सहा तास ३९ मिनिटांत पुरे केले आणि फ्रान्सच्या रने द क्निफला सुमारे पावणेबारा मिनिटांनी मागे टाकून चषक जिंकला.

त्याचा सरासरी वेग होता ताशी ७९ किलोमीटर. आशेरच्या वेगापेक्षा तो बराच कमी. पण आशेरला तो ३४ सेकंद टिकला होता. आयर्लंडमध्ये साडेसहा तासांहून अधिक. एका गृहस्थाच्या नित्याच्या गाडीने वळणावळणांच्या रस्त्यावर दिवसभर हा वेग राखला. पेट्रोलने बाजी का मारली, याचे याहून बोलके उत्तर दुसरे नाही. मर्सिडीजचे नाव या विजयाने जगभर दुमदुमले.

पुढच्या वर्षी जर्मनीतील टाउनस भागात झालेल्या याच स्पर्धेत फ्रान्सच्या लेआँ तेरीने त्याला दुसऱ्या क्रमांकावर ढकलले. १९०६ च्या पहिल्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्येही तो मर्सिडीजमधून उतरला. पण तरुण चालकांची नवी पिढी आता पुढे आली होती. जेनात्झीने हळूहळू शर्यतींतून अंग काढून घेतले आणि घराण्याच्या टायरच्या व्यवसायात लक्ष घातले.

चकव्याचा शेवट

इतके अपघात पचवलेल्या या माणसाचा मृत्यू शर्यतीत झाला नाही. डिसेंबर १९१३ मध्ये बेल्जियममधील आबे-ला-नव्ह परिसरात तो मित्रांबरोबर रानडुकरांच्या शिकारीला गेला होता. गंमत करण्याची हुक्की येऊन तो झुडपाआड लपला आणि डुकरासारखा आवाज काढू लागला. आवाज इतका हुबेहूब होता, की एका मित्राने खरेच जनावर समजून बंदूक झाडली. घाईघाईने त्याला मोटारीत घालून रुग्णालयाकडे नेण्यात आले, परंतु वाटेतच रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. वय अवघे ४५ वर्षांचे. आपण मर्सिडीजमध्येच मरणार, असे तो म्हणत असे आणि त्याला नेणारी गाडी मर्सिडीजच होती, अशी आख्यायिका आहे.

‘ला जामे कोंतांत’ मात्र शिल्लक आहे. फ्रान्समधील काँपिएन्यच्या राजवाड्यातील राष्ट्रीय वाहन संग्रहालयात ती जतन केलेली आहे. तिचे नावही विस्मृतीत गेलेले नाही. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतील बॉनेव्हिलच्या मिठाच्या पठारावर ओहायो राज्य विद्यापीठाचे विद्यार्थी आणि व्हेन्च्युरी कंपनी यांनी मिळून बांधलेल्या विद्युत गाडीने ताशी ४९५ किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा त्या गाडीला जेनात्झीच्याच गाडीचे नाव देण्यात आले होते.

विजेच्या गाडीला पुन्हा दिवस आले, ते मात्र वेगाच्या विक्रमांमुळे नव्हे. लिथियम-आयन बॅटरीत दर किलोमागे शिशाच्या बॅटरीच्या कित्येक पट ऊर्जा साठू लागली, ती हवी तितक्या झपाट्याने काढता येऊ लागली, आणि जेनात्झीला जे उत्तर सापडले नव्हते ते हळूहळू आवाक्यात आले. आजही विद्युत गाडी घेऊ पाहणारा ग्राहक दुकानात गेल्यावर ती किती वेगाने पळते हे क्वचितच विचारतो. एकदा भरली की किती दूर जाईल आणि पुन्हा भरायला किती वेळ लागेल, हेच त्याचे पहिले प्रश्न असतात. हे प्रश्न १८९९ सालीही होते. आशेरच्या रस्त्यावर त्या ३४ सेकंदांत कोणाला ते ऐकू आले नाहीत, इतकेच.